लोकल धडधडत आली, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘ग्लिटर’ काढा, समोर ‘चमकणे’ दिसेल. ‘ग्लीम’ काढा, पुन्हा ‘चमकणे’. ‘ग्लिसन’, ‘ग्लिंट’, ‘स्पार्कल’, ‘शाइन’ या सगळ्यांपुढे थोड्याफार फरकानं तेच: चमकणे, चकाकणे, लकाकणे. यादी पाठ करणारं पोर हुशार असतं. सहा शब्दांचा अर्थ एकच असेल तर सहा कशाला लक्षात ठेवायचे, असा हिशोब ते मनातल्या मनात करतं आणि एकट्या ‘शाइन’वर दहावी, बारावी काढून मोकळं होतं. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या हातातल्या पुस्तकानं फरक सांगितलेलाच नसतो.

हा फरक घराबाहेर पडलं की भेटतो, आणि त्यासाठी कांजूरमार्गसारखी जागा शोधून सापडायची नाही. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुपच्या मधलं हे स्टेशन. पश्चिमेला उतरलं की लालबहादूर शास्त्री मार्ग, गांधीनगरचा नाका आणि पुढे पवई. पूर्वेला कांजूरगाव, मग द्रुतगती महामार्ग, त्यापलीकडे मिठागरं, कांदळवन आणि ठाण्याची खाडी. उजेडाचे, आवाजाचे आणि चालींचे जितके प्रकार इंग्रजीनं वेगळे काढून ठेवलेत, त्यातले बहुतेक इथं एका फेरीत दिसतात.

आधी उजेड घेऊ. पावसाची सर येऊन गेली की फलाटाची फरशी ग्लिसन करते. ही ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागाची चमक. घामेजलेलं कपाळ आणि नुकती तळून काढलेली भजीही ग्लिसनच करतात. (स्पेलिंगमध्ये टी आहे, पण तो उच्चारायचा नाही.) रूळ मात्र कोरडे असले तरी चमकतात, कारण चाकांनी घासून घासून ते गुळगुळीत झालेले असतात. ती चमक ग्लीम. बाजारात कोळणीच्या कोयत्यावर ऊन पडून क्षणभर लखकन होतं, तो ग्लिंट. सोनाराच्या काचेत शेकडो बारीक ठिणग्या एकदम डोळ्यांत भरतात, ते ग्लिटर. कणसं भाजणाऱ्याच्या शेगडीतला निखारा ग्लो करतो. तिथं ज्योत नाही, थरथर नाही, आतून येणारा स्थिर उजेड आहे. स्टार्टर बिघडलेली ट्यूबलाइट फ्लिकर करते. रात्री खाडीपलीकडे नवी मुंबईचे दिवे ग्लिमर करतात, म्हणजे क्षीण आणि अस्थिर. उन्हात खाडीचं पाणी हलतं तेव्हा त्यावरचा उजेड शिमर होतो. आणि एप्रिलच्या दुपारी मिठागराच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागतात, तो ग्लेअर.

या सगळ्यात इंग्रजी काही ठरावीक प्रश्न विचारते. उजेड वस्तूचा स्वतःचा की दुसऱ्याचा परतवलेला? पृष्ठभाग ओला की कोरडा? एकच ठिपका की पुष्कळ? क्षणभर की सतत? बघणाऱ्याला सुखाचा की त्रासाचा? एवढं विचारलं की शब्द आपोआप वेगळे होतात. आणि आपल्याला असले फरक नवे आहेत, असं मुळीच नाही. आपला दिवा मिणमिणतो, चांदणी लुकलुकते, तलवार तळपते, गणपतीची रोषणाई झगमगते, घासलेलं भांडं लखलखतं. ‘चांदणी तळपली’ असं म्हटलं तर चौथीतलं पोरसुद्धा हसेल. एवढे कंगोरे असलेल्या भाषेतून शिकवताना सगळं ‘चमकणे’च्या एकाच खुंटीला टांगायचं, ही कोशकारांची घाई आहे. ‘ग्लिमर’समोर ‘मिणमिणणे’ छापायला जागा तेवढीच लागते.

त्या शब्दांकडे पुन्हा एकदा बघा. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लिसन, ग्लिमर, ग्लेअर, ग्लॉस: सगळे ‘ग्ल’ने सुरू होतात. शब्दांच्या अशा ध्वनिकुळांना जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. ‘स्न’ने सुरू होणारे अनेक शब्द नाकाशी जोडलेले आहेत: स्नीझ, स्निफ, स्नोअर, स्नॉर्ट. ‘ॲश’ने संपणाऱ्यांत आदळआपट आहे: क्रॅश, स्मॅश, बॅश, स्प्लॅश. हा नियम नव्हे. ग्लव्ह आणि ग्लू यांत कसलाही उजेड नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या डोक्यात ही कुळं खरोखर असतात. बेंजामिन बर्गन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अशा कुळातला एक शब्द आधी दाखवला तर त्याच कुळातला दुसरा शब्द लोक चटकन ओळखतात. ‘ग्ल’ कुळातल्या बऱ्याच शब्दांचा संबंध व्युत्पत्तिकार चमकणं या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात. इंग्रजीतलं गोल्ड आणि संस्कृतातलं हिरण्य हीही त्याच घराण्यातली मानली जातात. तेव्हा हे शब्द वर्णमालेच्या क्रमानं शिकण्यापेक्षा कुळानं शिकावेत. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. खळखळ, खडखड, खणखण यांतला सारखेपणा आणि वेगळेपणा त्याला कुणी शिकवलेला नसतो.

आवाजाच्या बाबतीत तर आपण श्रीमंतच आहोत. मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये दाखवलं, की ध्वन्यनुकारी शब्दांची अशी रेलचेल हे एका भाषेचं वैशिष्ट्य नसून आर्य आणि द्राविड अशा दोन्ही घराण्यांतल्या भारतीय भाषांचा तो समाईक गुण आहे. त्याच्या शंभरेक वर्षं आधी जेम्स मोल्सवर्थला हा अनुभव हाती काम करताना आला होता. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी वाढवलेली १८५७ ची, सुमारे ६० हजार शब्दांची. त्यात शब्दापुढे ‘अनुकरणवाचक’ अशा अर्थाची खूण पानापानावर भेटते. मराठीतली एकेक सळसळ आणि फडफड इंग्रजी वाचकाला कळावी म्हणून तो ओळीच्या ओळी लिहितो. इंग्रजी वर्णनशब्द शिकायचे असतील तर हा कोश उलटा वापरून पाहावा. ओळखीचा मराठी शब्द काढायचा आणि त्यापुढे त्यानं कोणते इंग्रजी शब्द खर्च केलेत ते बघायचं. इंग्रजी जुनी आहे, पण निरीक्षण कमालीचं बारीक आहे.

इथं व्याकरणातली एक गंमत कामाला येते. मराठीत आवाज चालू राहिला की शब्द दुप्पट होतो, आणि एकदाच झाला की त्याला ‘कन’ किंवा ‘दिशी’ लागतं. पागोळ्या टपटप गळतात, पण कैरी टपकन पडते. खिडकी खडखड वाजते, पण दार खाडकन आपटतं. पाखराचे पंख फडफडतात, पण ते भुर्रकन उडतं. इंग्रजीनं हाच भेद दुसऱ्या मार्गानं केला. एकदाच होणाऱ्या गोष्टीचा शब्द घ्यायचा आणि ती पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याला ‘ल’ किंवा ‘अर’ची शेपटी लावायची. स्पार्क म्हणजे ठिणगी; ठिणग्या उडतच राहिल्या की स्पार्कल. क्रॅक म्हणजे एकदा कडाड. शेगडीत कोळसे तडतडत राहिले की क्रॅकल. पॅट म्हणजे एक हलकी थाप. पत्र्यावर पावसाच्या थापांवर थापा पडल्या की पॅटर. स्निफवरून स्निफल, ट्रॅम्पवरून ट्रॅम्पल. बदकाच्या चालीला वापरतात तो वॉडल हा शब्दही पाण्यातून पाय उचलत चालणाऱ्या ‘वेड’पासून निघालेला. टेबल आणि लिटल यांत असलं काही शोधू नये, आणि इंग्रजीनं ही टांकसाळ केव्हाच बंद केली आहे. नवे शब्द आता तिथून पडत नाहीत. मराठीची टांकसाळ अजून चालू आहे. पण फ्लिकर, ग्लिटर, शिमर, क्लॅटर, फ्लटर, रॅटल, ट्विंकल हे शब्द एका रांगेत ठेवून वाचले, की त्या शेपटीत लुकलुक आणि खडखडीतली द्विरुक्ती ऐकू येते. माझ्या मते मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना हाताशी असलेलं हे सर्वांत सोपं साधन, आणि पाठ्यपुस्तकांत त्याचा पत्ता नसतो.

आता चाल. मूळ अडचण इथं आहे, आणि ती शब्दसंख्येची नाही.

‘लोकल धडधडत स्टेशनात आली.’ मराठीत या वाक्याचं क्रियापद आहे ‘आली’. ती आत आली हे क्रियापद सांगतं. कशी आली हे ‘धडधडत’ सांगतं. इंग्रजीत हेच वाक्य होतं ‘द ट्रेन रंबल्ड इनटू द स्टेशन’. आता धडधड क्रियापदात जाऊन बसली आणि ‘आत आली’ हा मतलब ‘इनटू’ या छोट्या शब्दाकडे गेला. दोन्ही भाषांनी माहिती तीच दिली, फक्त खुर्च्या बदलल्या. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकापासून जगातल्या भाषांची या अंगानं वर्गवारी केली. काही भाषा मार्ग क्रियापदात ठेवतात, काही त्याच्या शेजारच्या शब्दांत. स्पॅनिश पहिल्या गटातली, इंग्रजी दुसऱ्या. मराठीची वाक्यं बहुतेक वेळा पहिल्या गटाच्या वळणानं जातात: लंगडत आला, पाय ओढत गेला, धावत बाहेर पडला, डुलत डुलत निघाला.

याचा परिणाम मोठा आहे. इंग्रजीत वाक्याला क्रियापद तर लागणारच, मग त्याच जागी ‘कसं’ भरून टाकलं की वेगळा खर्च नाही. म्हणून इंग्रजीनं चालीची क्रियापदं अक्षरशः साठवून ठेवली. मराठीत ‘कसं’ सांगायला जादा शब्द लागतो, आणि जादा शब्द माणूस गरज असेल तेव्हाच घालतो. डॅन स्लोबिन यांनी शब्द नसलेलं चित्रपुस्तक वेगवेगळ्या भाषांतल्या मुलांपुढे आणि मोठ्यांपुढे ठेवून गोष्ट सांगायला लावली. बेडूक पळून जातो आणि मुलगा व कुत्रा त्याला शोधतात, अशी ती गोष्ट. इंग्रजी बोलणारे चालीचे तपशील सढळ हातानं देत, स्पॅनिश बोलणारे जागेचं वर्णन करून चाल ऐकणाऱ्यावर सोपवत. इंग्रजी कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये जाताना चालींचा बराच भाग गळून पडतो, हेही त्यांनी दाखवलं. मराठी भाषांतरांत वेगळं होत नसावं. इंग्रजी पात्र जिन्यावरून कसंही उतरो, मराठीत ते ‘खाली आलं’ एवढंच उरलेलं पुष्कळदा दिसतं.

याच प्रश्नाशी संबंधित काम कांजूरमार्ग स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर झालं आहे. पवईच्या आयआयटीत (स्थापना १९५८) पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंटर फॉर इंडियन लँग्वेज टेक्नॉलॉजीमध्ये आधी हिंदी शब्दजाल उभं केलं, मग त्याच्या आधारानं मराठी, आणि पुढे अनेक भारतीय भाषांना जोडणारं ‘इंडोवर्डनेट’. या सगळ्यांचा आदर्श होता अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचं ‘वर्डनेट’. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९८५ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यात शब्द अकारविल्हे नसतात. एकाच अर्थाच्या शब्दांचे संच करून ते एकमेकांना जोडलेले असतात, आणि असे सुमारे १ लाख १७ हजार संच तिथं आहेत. नामं ‘कशाचा प्रकार’ या नात्यानं जोडली जातात: आंबा हे एक फळ. क्रियापदांसाठी मात्र ‘कोणत्या रीतीनं’ हे नातं वापरावं लागलं. स्ट्रोल म्हणजे वॉक, पण रमतगमत. ट्रज म्हणजे वॉक, पण थकून, जड पावलांनी. शफल म्हणजे पाय न उचलता, घासत. स्ट्राइड म्हणजे लांब ढांगा टाकत, टॉडल म्हणजे दुडूदुडू, स्टॅगर म्हणजे झोकांड्या खात. ‘वॉक’च्या खाली असा मोठा गोतावळा लोंबतो. मराठी शब्दजाल करणाऱ्यांपुढे अशा प्रत्येक ठिकाणी प्रश्न येणारच: समोर एक क्रियापद, आपल्याकडे दोन-तीन शब्दांची जोडी. शिकणाऱ्यासाठी ती जोडीच उपयोगाची. वहीत ‘ट्रज = चालणे’ लिहिण्याऐवजी ‘पाय ओढत जाणे’ लिहिलं, की शब्द जागच्या जागी बसतो.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि उपनगरांतली माणसं पाण्यातून, रुळांवरून घराकडे निघाली. इंग्रजीत सांगताना ‘दे वेंट होम’ म्हणणं खोटं नाही, पण त्यात तो दिवस नाही. कमरेएवढ्या पाण्यातून ती वेड करत होती. पाणी ओसरलं तिथं दमलेल्या पायांनी ट्रज करत होती. खड्ड्यात पाय गेला की स्टंबल होत होती. तीन क्रियापदांत त्या संध्याकाळचा क्रम लागतो, विशेषणाची गरजच पडत नाही. आपल्याकडे शाळेत मात्र निबंध ‘सजवायला’ सांगतात, आणि सजावट म्हणजे ब्यूटिफुल, वंडरफुल, व्हेरी व्हेरी नाइस. इंग्रजी वर्णनाचा जीव क्रियापदात आहे, हे आपल्या वर्गांत फारसं सांगितलं जात नाही.

मग हे शब्द आपल्या मुलांना आजवर भेटले का नाहीत? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे; त्याआधीच्या पिढ्यांनी ते पाचवीत सुरू केलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून रॅपिडेक्सपर्यंत घराघरांत पुस्तकंही होती. कारण शब्दांच्या वापराच्या प्रमाणात आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रजीचे शिक्षक ढाक्यात काम करत होते. बंगाली मुलांना कमीत कमी शब्दांत वाचता यावं या खटपटीतून त्यांच्या सोप्या वाचनमाला निघाल्या, आणि १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी आली. पुढे कितीतरी देशांतल्या पाठ्यपुस्तकांनी तीच वाट धरली, आणि ते शहाणपणाचंच होतं. पण ग्लिमर, ट्रज, रस्टल असे शब्द या दोन हजारांच्या बाहेर राहतात. बोलण्यात आणि बातमीत ते क्वचित येतात. त्यांचा मुक्काम गोष्टींत आणि कादंबऱ्यांत. पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला, की इंग्रजी कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुळं ओळखीची हवीत. मराठी माध्यमात शिकून बँकेत किंवा कारखान्यात उत्तम इंग्रजी चालवणारा माणूस कादंबरीच्या पहिल्या पानावर अडखळतो, त्याचं कारण हे. व्याकरण त्याला येत असतं. पावसाचे, उजेडाचे, चालीचे शब्द त्याच्या वाटेला आलेलेच नसतात.

उपाय म्हणून याद्या विकत मिळतात. याद्यांवर माझा विश्वास नाही, कारण शब्द कुणाच्या शेजारी बसतो हे त्या सांगत नाहीत. परकीय शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश त्याहून पुष्कळ बरे. १९७८ च्या लाँगमनच्या कोशात सगळे अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांत दिले होते, आणि वापराची वाक्यंही होती. ग्लिसनच्या वाक्यात घाम आणि दव दिसतं, ग्लेअरच्या वाक्यात ऊन आणि मोटारीचे दिवे, आणि रागानं रोखलेली नजरही. अर्थाइतकाच हा शेजार महत्त्वाचा. त्याच्या जोडीला लहान मुलांची इंग्रजी चित्रपुस्तकं मोठ्यांनीही खुशाल वाचावीत. चालींची आणि आवाजांची क्रियापदं तिथं पानोपानी असतात, आणि चित्र शेजारीच असल्यानं कोश उघडावा लागत नाही.

हे शब्द परके राहतीलच असंही नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जाहिरातक्षेत्रात काम केलेले अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत कविता लिहीत. १९७६ चं त्यांचं इंग्रजी ‘जेजुरी’ खंडोबाच्या गडावरची धूळ, दगड, देवळं आणि ऊन यांनी भरलेलं आहे. १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. शब्द इंग्रजी, पण बघणारा डोळा कुठूनही आयात केलेला नाही.

मनःस्थितीच्या शब्दांची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथं वाक्याचा सांगाडाच बदलतो. मराठीत भाव माणसाकडे येतात किंवा त्याला लागतात: मला कंटाळा आला, तिला हुरहूर लागली, त्याला रुखरुख वाटते. माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा, आणि कर्त्याच्या जागी कंटाळा. इंग्रजीत माणूसच कर्ता असतो आणि भाव त्याचं विशेषण होतो. या बदलात आपल्याकडची नेहमीची चूक जन्मते. ‘मला कंटाळा आलाय’ म्हणायचं असतं आणि तोंडून जातं ‘आय ॲम बोअरिंग’, म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. मुलाखतीत हे वाक्य महागात पडू शकतं. ज्याच्यामुळे भाव निर्माण होतो ते ‘इंग’, ज्याच्यात निर्माण होतो तो ‘एड’: लेक्चर बोअरिंग, विद्यार्थी बोअर्ड, बातमी डिप्रेसिंग, वाचणारा डिप्रेस्ड. इंटरेस्टिंग, कन्फ्यूझिंग, फ्रायटनिंग यांनाही हेच लागू.

बाकी छटांसाठी पुन्हा मराठीच मदतीला येते. रुसून गप्प बसलेल्या, हिरमुसल्या मुलासाठी सल्की. धुमसणारा, कुणाशी नीट न बोलणारा तो सलन. झोप न झाल्यानं चिडचिडलेला ग्रंपी किंवा क्रँकी. परीक्षेच्या निकालाआधी हातपाय थरथरतात तो जिटरी. गेलेल्या दिवसांची आठवण येऊन मन थोडं ओलं होतं तो विस्टफुल. आपली हुरहूर त्याच्या बरीच जवळ जाते. यातले काही शब्द माणसावरून जागेवर आणि हवेवरही सरकतात. जुलैतलं भरून आलेलं आभाळ सलनही असतं आणि ग्लूमीही. रविवारी दुपारी शटर ओढलेल्या दुकानांचा रस्ता डिझर्टेड. भरती ओसरल्यावर उघडी पडलेली चिखलाची भकास दलदल ब्लीक. पण ग्रंपी आभाळ किंवा जिटरी रस्ता असं म्हटलं की ते मुद्दाम केलेल्या विनोदासारखं ऐकू येतं. तेव्हा भावाचा शब्द वहीत उतरवताना त्याच्यापुढे तो माणसाला लागतो, जागेला लागतो की दोन्हींना, एवढी खूण करून ठेवावी. कोशातली दोन-तीन उदाहरणं वाचली की ती कुठली करायची ते कळतं.